चिंचेखालच्यांचं टपाल

मी आयुष्यात दोनच कामं मनापासून केली. एक म्हणजे वायर ओढणं आणि दुसरं म्हणजे रागावणं. पहिल्यात मी बरा होतो. दुसऱ्यात मात्र आमच्या पंचक्रोशीत माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आज जे लिहायला बसलोय ते त्या दुसऱ्या कामामुळे घडलेलं आहे.

आमचं गाव पौड ओलांडून धरणाकडे जाताना लागतं, फाट्यापासून दीड किलोमीटर आत. आधी मी केबल टीव्ही चालवायचो. गच्चीवर मोठी डिश आणि खाली दहा बाय आठची खोली. तिला सगळे कंट्रोल रूम म्हणायचे, कंट्रोल कशावरच नसायचा. पुढे घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले तेव्हा मी बावधनहून इंटरनेट घेऊन ते गावात वाटायला लागलो. फाट्यापासून गावापर्यंतची पहिली वायर दोघांनी ओढली, मी आणि माझ्या चुलतभावाने. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. वायर आंब्या-जांभळांवरून न्यायची होती आणि मला उंचीची भीती. दादा पँट दुमडून सरसर वर चढायचा आणि मी खाली शिडी धरून उगाच सूचना द्यायचो. सहा दिवस लागले. गावात वायरची पहिली गाठ बसली ती दादाच्या भिंतीतल्या खुंटीला, कारण फाट्याकडून येताना त्याचं घर आधी लागतं. माझं त्याच्यापासून चौथं.

मेलचे पत्ते ही माझी हौस. बावधनचा इंजिनिअर म्हणाला, गावाच्या नावाने स्वतःचा मेल घ्या आणि प्रत्येक जोडणीमागे एक पत्ता द्या, लोक खूश होतील. मी घेतला. पण पत्ता द्यायचा कुणाच्या नावाने? आमच्याकडे आडनावं दोनच, आणि नावंही फिरून फिरून तीच. मतदार यादीत एकाच नावाचे सात जण सापडतात. म्हणून गावात घरं ओळखली जातात ती टोपणनावाने. चिंचेखालचे, खळ्यातले, पाणवठ्याचे, वरल्या अंगाचे. पोस्टमनचंही त्यावरच भागायचं. मीही तेच केलं. दादाच्या घराला ‘चिंचेखालचे’ आणि पुढे गावाचं नाव. आम्ही ‘खळ्यातले’. घरटी एक पत्ता. माणशी वेगळा पत्ता असावा हे आम्हाला कुणाला सुचलंसुद्धा नाही. पासवर्ड घरातल्या सगळ्यांना ठाऊक आणि बऱ्याचदा शेजाऱ्यांनाही.

चिंच पुढे रस्ता रुंद करताना गेली. पत्त्यात मात्र राहिली.

एक गंमत इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. पाणवठ्याच्या काकूंची मुलगी लग्न होऊन आखातात गेली. काकूंना लिहायचा कंटाळा आणि तिकडचा फोन महाग. मी त्यांना एवढंच शिकवलं की नवा मेल उघडायचा, मुलीचा पत्ता निवडायचा आणि पाठवून द्यायचा. आत काही लिहायचं नाही. असा रिकामा मेल आला की मुलगी समजायची, घरी सगळं ठीक आहे, आईने आठवण काढलीय, सवडीने फोन करावा. ही युक्ती इतकी सोयीची निघाली की बघता बघता सगळं गाव रिकामे मेल पाठवायला लागलं. पुण्यातल्या भाचीला, मुंबईच्या मेव्हण्याला, एकदा तर रुसून बसलेल्या जावयालासुद्धा. जावई आला. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले तरी सणावाराला एक रिकामा मेल टाकायची रीत काही घरांत राहिलीच. चिंचेखालच्यांकडून खळ्यातल्यांना दिवाळी-पाडव्याला तो यायचाच. चार घरांच्या अंतरावरून. पाठवायची ती दादाची मुलगी.

ही मुलगी म्हणजे आमच्या भावकीतली पहिली बी.एस्सी. लहानपणी कंट्रोल रूममध्ये बसून ती लाल-हिरवे दिवे बघायची आणि कुठला दिवा विझला की कुणाचं नेट जातं हे माझ्याआधी सांगायची. बारावीपासूनचे सगळे फॉर्म तिने ‘चिंचेखालचे’ याच पत्त्यावर भरले. गेल्या वर्षी तिने एका सरकारी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या जागेसाठी परीक्षा दिली. उन्हाळ्यात निकाल लागला. निवड झालेल्यांत ती नव्हती, पण प्रतीक्षा यादीत पहिली होती. म्हणजे वरचा एक जण जरी हजर झाला नाही तरी जागा हिची. प्रतीक्षा यादीतल्या उमेदवारांना फक्त ई-मेलने कळवलं जाईल, आणि भरती पूर्ण होईपर्यंत नोंदवलेला ई-मेल बदलू नये, असं जाहिरातीतच छापलेलं होतं. ती जाहिरात दादाने स्वतः मला आणून दाखवली होती. दोनदा वाचून घेतली होती माझ्याकडून.

याच सुमारास मोठ्या कंपनीची फायबर आमच्या फाट्यापर्यंत आली. टेकडीवर बंगल्यांच्या स्कीम झाल्या, शनिवार-रविवारी गाड्या यायला लागल्या, त्यांच्यासाठी आली ती गावालाही मिळाली. माझी गिऱ्हाइकं एकेक करून गेली. जाताना प्रत्येक जण ओशाळून विचारायचा, “पत्ता ऱ्हाईल ना?” आणि मी म्हणायचो, “ऱ्हाईल की. पत्ता काय घासपाणी मागतुया व्हय?” जोडणी तुटली तरी सगळ्यांचे पत्ते मी चालू ठेवले होते. राग आला नाही असं नाही, पण माझी वायर पावसाळ्यात कशी चालते हे मला कळत होतं. आमच्याकडचा पाऊस म्हणजे ताम्हिणीच्या शेजारचा पाऊस. एकदा लागला की झाडाची फांदी पडते, वायर तुटते, उघडीप मिळाली की त्याच वायरवर वानरं झोके घेतात. दादाच्या मुलीचे ऑनलाइन तास चालायचे. ते तासाला चार वेळा बंद पडायचे. तिने कधी तक्रार केली नाही. नुसती दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, “काका, दिवा लाल झालाय.”

आषाढात एका दुपारी मी फाट्यावरून येत होतो. दादाच्या भिंतीला शिडी लावलेली. वर मोठ्या कंपनीचा माणूस, हातात नवी बारीक काळी वायर. आणि खाली ती शिडी धरून उभा होता दादा.

माझ्या वायरची खुंटी ज्या भिंतीत, त्याच भिंतीत तो माणूस ड्रिलने दुसरं भोक पाडत होता. दादाने मला पाहिलं. शिडी सोडता येईना म्हणून तो तसाच उभा राहिला आणि त्याने मान खाली घातली. मीही गाडी न थांबवता पुढे गेलो. बाकीचे चाळीस जण गेले तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. तो गेला म्हणूनही नसेल. त्याने आधी सांगितलं नाही, हे लागलं.

संध्याकाळी दादा आला. माझा राउटर त्याने पुसून, वायर नीट गुंडाळून कापडी पिशवीत घालून आणला होता. तो त्याने टेबलावर ठेवला. मी वाट बघत होतो की आता हा काहीतरी म्हणेल, आपली इतक्या वर्षांची वायर, नाइलाज झाला, पोरीचे तास बुडतात. एवढं म्हणाला असता तरी पुरे होतं. पण तो मला बिचकत असणार. त्यामुळे ज्याची त्याला सगळ्यात जास्त काळजी होती तेच त्याच्या तोंडून आधी निघालं.

“पत्ता तेवढा ऱ्हाऊ दे बरं का. पोरीचं काम अडाकलंय त्यात.”

माझं डोकं फिरलं. “व्हय? वायर त्यांची आन् पत्ता माझा? शिडी धराय गेला व्हतास ना? त्यास्नीच माग पत्ता.”

“अरं, तसं न्हाई…”

“कसं न्हाई? चाळीस घरं गेली, सांगून गेली. तू भाऊ असून चोरावानी गेलास. आज सांजंला पत्ता बंद. जा.”

स्वयंपाकघरातून माझी बायको चहाचे कप घेऊन दारापर्यंत आली होती. दादाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं,” म्हणाला आणि चहा न घेता उठला. आमच्या घरात दादा चहा न घेता गेला असं माझ्या आठवणीत कधी झालेलं नव्हतं. बायको कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

त्या तिरमिरीतच मी कॉम्प्युटर उघडला. ‘चिंचेखालचे’ या ओळीसमोर ‘काढून टाका’ असं बटण होतं. त्यावर बोट गेलं, पण दाबलं नाही. मी फक्त त्यांचा पासवर्ड बदलला. माझा मेल फोनवर नीट बसत नसे, घरातल्या कॉम्प्युटरवरच उघडायचा. त्यामुळे त्यांनी दुसऱ्या दिवशी उघडायचा प्रयत्न केला असणार, पासवर्ड चुकीचा आहे असं आलं असणार, आणि मी बोलल्याप्रमाणे पत्ता बंद केला असं त्यांनी धरलं असणार. धरणारच. मी बोललो होतोच तसं.

माझा राग चार दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी मी तो पासवर्ड परत होता तोच करून टाकला. पत्ता पहिल्यासारखा चालू झाला. आता एवढंच करायचं होतं की चार घरं चालत जायचं आणि दारातूनच सांगायचं, “ए, चालू हाय गं तुमचा.” त्याला पाच मिनिटं लागली असती.

मी गेलो नाही. मनात म्हटलं, आपण पासवर्ड परत केला, आपण आपलं केलं. आता ते एकदा तरी उघडून बघतील. उघडला की कळेल त्यांना की मी काही तेवढा वाईट नाही. आणि नाही तर येऊ दे दादाला, चहा न पिता गेलाय तो, त्याने यायला पाहिजे. हे मी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिला सांगितलं असतं तर तिने त्याच पावली जाऊन सांगितलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच नाही सांगितलं.

मग बोलणं बंद झालं. भावकीत बोलणं बंद होतं म्हणजे भांडण होतं असं नाही. सगळं चालू राहतं, फक्त सरळ बोलत नाहीत. गणपतीच्या आरतीला आम्ही दोघं एकाच ओळीत उभे होतो. दादाने पंचारती माझ्याकडे न देता मधल्या माणसाकडे दिली, त्याने मला दिली. भातलावणीला त्याचं पाणी माझ्या खाचरातून जातं, ते मी अडवलं नाही. त्यानेही कधी बांध कोरला नाही. फक्त नजर चुकवायची आणि मनातल्या मनात मोजत राहायचं की कोण आधी बोलतंय.

माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्या पत्त्यांची यादी दिसायची, आणि प्रत्येकासमोर न वाचलेल्या मेलचा आकडा. मी रोज सकाळी आधी ‘चिंचेखालचे’समोर बघायचो. चार. नऊ. तेरा. आकडा वाढत होता, म्हणजे ते उघडत नव्हते. त्यात काय आलंय ते मला बघता आलं असतं, चावी माझ्याकडेच होती. पण दुसऱ्याचं टपाल उघडायचं नाही, हे मी इतकी वर्षं पाळत आलो होतो आणि त्याचा मला अभिमान होता. आज खरं सांगतो, त्या पाच महिन्यांत ते तत्त्व वगैरे काही नव्हतं. ती अढी होती, आणि तिला मी तत्त्वाचा सदरा घातला होता.

एक गोष्ट मात्र मी केली. नागपंचमीला त्या पत्त्यावर एक रिकामा मेल पाठवला. ‘खळ्यातले’कडून ‘चिंचेखालचे’ना, आत काही नाही. जो पत्ता बंद झालाय असं त्यांना मीच सांगितलं होतं, त्याच पत्त्यावर. गणपतीत दुसरा पाठवला. दसऱ्याला तिसरा, दिवाळीला चौथा. पाठवला की जरा बरं वाटायचं, आपल्या बाजूने आपण हात पुढे केलाय असं. ते वाचणार नाहीत हे मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? कळत होतं. तरी पाठवत होतो.

दसऱ्यानंतर मी सकाळी फाट्यावर दूध घालायला गेलो तर दादाची मुलगी तिथे उभी. खांद्याला डबा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. बस यायची होती. मी विचारलं, “त्या परीक्षंचं काय झालं गं?”

“काय न्हाई काका. आलंच न्हाई काही.” ती हसली. “भरली असंल जागा.”

बस आली, ती चढली. मी दुधाची किटली हातात धरून बराच वेळ तिथे उभा राहिलो. माझ्या डोक्यात तेव्हासुद्धा आलं की आत्ता घरी जावं आणि ते तेरा-चौदा मेल उघडून बघावेत. घरी जाईपर्यंत मी स्वतःची समजूत घातली की ती म्हणते तसंच असेल, जागा भरली असेल. भीती वाटत होती मला. राग कधीच गेला होता, त्याच्या जागी आता भीती होती.

मार्गशीर्षात मी धंदा आवरला. उरलेली सात घरं मोठ्या कंपनीकडे गेली आणि मी त्यांना स्वतःच नेऊन सोडलं. मेलचंही आवरायचं होतं. ज्यांना काही काढून घ्यायचं असेल त्यांनी येऊन घ्यावं, ज्यांना पत्ता पुढे हवा त्यांनी सांगावं, असा निरोप सगळ्या घरांना पाठवला. चिंचेखालच्यांना निरोप पाठवणं शोभेना. तेवढ्यासाठी का होईना, शेवटी मी चार घरं चाललो. दादा शेतावर होता. मुलगी सुट्टी म्हणून घरी होती. मी दारातूनच म्हटलं, “तुमचं जुनं टपाल हाय माझ्याकडं. बघून घे एकदा.”

ती माझ्या मागोमाग कंट्रोल रूममध्ये आली. दिवे सगळे विझलेले होते. ती लहानपणी बसायची त्याच स्टुलावर बसली. मी म्हटलं, “पासवर्ड तुमचा जुनाच.” तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाकला. उघडलं.

वरच माझे रिकामे मेल होते, दिवाळीचा आणि दसऱ्याचा. मध्ये जाहिराती. मग गणपतीचा माझा, आणि त्याच्या खाली त्या प्रयोगशाळेचं पत्र. तिने ते उघडलं. मला उभ्या उभ्या सगळं वाचता आलं. निवड यादीतील एक उमेदवार हजर न झाल्याने प्रतीक्षा यादीतील आपणास संधी देण्यात येत आहे. पंधरा दिवसांच्या आत मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे. न आल्यास पुढील उमेदवाराचा विचार केला जाईल. खाली आणखी एक पत्र होतं, त्याच्या आधी आलेलं. तिने आपला ई-मेल बदलून नवा नोंदवावा असा अर्ज केला होता, त्याचं उत्तर. भरती पूर्ण होईपर्यंत बदल करता येणार नाही, याच पत्त्यावर कळवलं जाईल. तेही याच पत्त्यावर आलं होतं.

तारीख बघून तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग विचारलं, “काका, हे चालू व्हतं?”

“व्हय.”

“कवापास्नं?”

“चवथ्या दिवसापास्नं.”

ती परत पडद्याकडे वळली. खालपर्यंत गेली, नागपंचमीचा माझा रिकामा मेल तिथे होता, पुन्हा वर आली. “आन् हे चार तुमचे?”

मी मान हलवली.

“चार रिकामे मेल पाठवाय जमलं काका,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “चार घरं चालत याय न्हाई जमलं?”

मी खाली बसलो. मला रडू आलं. माझ्या वयाचा माणूस पोरीसमोर रडतो हे बघून तीच गडबडली. तिने कोपऱ्यातल्या माठातलं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, “आपण जाऊ तिकडं. मी सांगतो त्यास्नी, माझी चूक हाय. हात जोडतो.”

“तीन म्हैने झालं. दुसरं कुणी लागलं असंल तितं. त्याला काय उठवायचं?” मग म्हणाली, “आबांला सांगू नका.” दादाला ती आबा म्हणते.

“त्यानं मला मारलं तरी चालंल. सांगितलं पायजे.”

“तुमास्नी न्हाई मारायचे ते. सवताला खातील. रोज इचारत्यात मला, मी जोडणी बदलली म्हणून तर न्हाई ना काही झालं? मी सांगतीया, आबा, जागाच भरली व्हती. त्यावर ते झोपत्यात.” तिने पडद्यावर त्या पत्राच्या ओळीवर टिचकी मारली आणि ते पुसून टाकलं. दुसरंही पुसलं. “आन् तुमी दोघं एका गावात ऱ्हाऊन बोलत न्हाई, ते मला बघवत न्हाई. ह्ये कळलं तर मरस्तवर बोलायचे न्हाईत.”

तिने माझे चार रिकामे मेल मात्र तसेच ठेवले.

त्याच संध्याकाळी दादा आला. हातात नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी. पाच महिन्यांनी तो माझा उंबरा ओलांडत होता. माझी बायको त्याला बघून आतूनच ओरडली, “च्या टाकते हां, जाऊ नका!” तो बसला. बराच वेळ पिशवीचे बंद नीट करत राहिला.

“पोरीनं सांगितलं,” तो म्हणाला. “तू पत्ता बंद केलाच न्हाईस. चालूच ठिवला व्हतास. सणाला मेलबी पाठवलंस.”

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

“आन् मी येड्यावानी पाच म्हैने तुझं तोंड बघितलं न्हाई. मला वाटलं, माझ्या भावानं पोरीचं काम बघितलं न्हाई. नको नको ते बोललो मी तुला, घरात बसून.” त्याने पिशवी माझ्याकडे सरकवली. “जागा भरली त्याला तू काय करणार? पोरीचं नशीब. पर तू तुझं केलंस. चूक माझी हाय. शिडी धरायच्या आधी तुला सांगाय पायजे व्हतं.”

मी बायकोकडे पाहिलं, तिने पदर डोळ्यांना लावला होता. तिला काहीच माहीत नव्हतं. मी “व्हय” म्हटलं. दादाने चहा घेतला, आणखी अर्धा कप मागून घेतला आणि अंधार पडायच्या आत घरी गेला.

तेव्हापासून तो रोज येतो. फाट्यावर, दूध डेअरीत, पाहुण्यारावळ्यांत तो माझं कौतुक करतो. रागीट हाय, पर मनात काही ठेवत न्हाई, म्हणतो. मी तिथून उठून जातो, तर लोक म्हणतात बघा, स्तुती ऐकवत नाही माणसाला. मुलगी अजून उरवड्यालाच जाते. आता पॅकिंगवरून तिला तपासणीच्या टेबलावर बसवलंय. सकाळी भेटली की पहिल्यासारखंच विचारते, “काका, च्या झाला का?” पहिल्यासारखं ती मुद्दाम विचारते, हे मला कळतं.

गावातले बाकीचे पत्ते मी बंद केले. दोनच ठेवलेत, ‘खळ्यातले’ आणि ‘चिंचेखालचे’. दादाने आता मुलीकडून शिकून घेतलंय. यंदा संक्रांतीला त्याचा पहिला मेल आला, पाडव्याला दुसरा. रिकामा. स्वतः पाठवतो आणि मग चालत येऊन विचारतो, पोचला का. मी म्हणतो, पोचला.

मग मी उत्तर द्यायला बसतो. दर वेळी आत लिहायला घेतो, दादा, गणपतीत तुझ्या पोरीचं पत्र आलं होतं. तेवढी ओळ होते. ती मी पुसतो आणि रिकामाच पाठवून देतो. चौथ्या घरात दादा तो उघडतो आणि समजतो, घरी सगळं ठीक आहे.